बरकतीचा फेरा

वारंगा फाट्यावर उतरा आणि कोणत्याही टपरीवाल्याला विचारा, ‘नासेर मोटार वाइंडिंग कुठं आहे?’ तो चहाची गाळणी हातात तशीच धरून हनुवटीनं दाखवील. पाटी निळी, अक्षरं पिवळी आणि नाव नासेरचं. ते नाव खोटं आहे असं कुणी म्हणू नये. दुकान नासेरचं, दारातली खुर्ची नासेरची आणि आल्यागेल्याशी गप्पा हाणणारं तोंडही नासेरचंच. पण विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या दहा गावांतले लोक ती मोटारसायकलवर बांधून इथंच का आणतात, हे विचाराल तर त्याचं कारण खुर्चीच्या मागं, पडद्याआड, चटईवर मांडी घालून बसलेलं असतं. त्या कारणाचं नाव मदीनाबी.

मदीनाबी छप्पन्न वर्षांची. माहेर सेनगावकडचं गोरेगाव, शिक्षण चौथी. लग्न होऊन आली तेव्हा सासरे मोटारी भरायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी तार गुंडाळून द्यायचे, आणि नासेरला हात धरून शिकवायला बघायचे. पण नासेरच्या बुडाला दम कुठला! पन्नास फेरे झाले की त्याला चहा आठवायचा, शंभराला कुणीतरी ओळखीचं रस्त्यानं जायचं, आणि परत येऊन बसला की किती मोजले होते त्याचा पत्ता नसायचा. सासऱ्यांनी एक दिवस वैतागून तार सुनेच्या हातात दिली. म्हणाले, “बेटी, आता तूच बघ.” तिनं बघायला सुरुवात केली ती आजपर्यंत थांबलेली नाही. सासऱ्यांनी जे शिकवलं ते सगळं तिच्या हातात असं मुरलं, की डोक्यात ठेवायची गरजच उरली नाही.

आणि बोलायला म्हणाल तर मिरचीच. कुणी म्हणालं, “चाची, मागच्या वर्षीच भरली होती, पुन्हा जळाली,” तर ती आधी मोटार उघडायची, वास घ्यायची आणि मग त्या माणसाला उभा सोलायची. “विहिरीत पानी न्हाई अन् तू रातभर कोरडी चालू ठेवली. मोटार जळणार न्हाई तं काय हसणार? माझ्या तारेला काय झालं न्हाई, तुझ्या अकलेला झालं.” माणूस मान खाली घालून उभा राहायचा, कारण निघायचंही तसंच. चाळीस वर्षांच्या आसपास हे चालू आहे. तेवढ्या काळात ‘गुंडाळी चुकली’ म्हणून एकही मोटार तिच्याकडं परत आली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा? लोकांना शेताचा असतो, लेकरांचा असतो. तिला हातांचा होता.

अशा दुकानात वैष्णवी आली ती मोटार घेऊन नाही, तर जेवणाचा डबा घेऊन. फाट्याजवळच्याच खेड्यातली पोरगी. तिच्या बापाची मोटार इथं दोनदा भरलेली. हिंगोलीच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय भौतिकशास्त्र. डब्यात पोळी नव्हती. अंगठ्याएवढी एक नळी होती आणि तिच्यावर काळीठिक्कर पडलेली बारीक तार.

“काका, हे भरून देता का?”

नासेरनं डबा नाकाजवळ नेला आणि हसला. “पोरी, ही काय मोटार हाय का? खेळणं हाय खेळणं. हे काय होत न्हाई आपल्याकडं.”

पडद्यामागून आवाज आला. “काय होत न्हाई? आण इकडं.”

वैष्णवी आत जाऊन चटईवर बसली. मदीनाबीनं चष्मा पुसला, नळी उजेडात धरली आणि नखानं जळकी तार उचकून बघितली. आत दोन छोट्या गुंडाळ्या शेजारीशेजारी होत्या आणि त्या दोघींना पोटात घेऊन बाहेर एक मोठी.

“हे कशाचं हाय?”

“चाची, बाहेरच्या गुंडाळीत वीज खेळवली की आतल्या दोघीत थोडी थोडी वीज उठती. ट्रान्सफॉर्मरमधी उठती तशी. पण आतल्या दोघी एकमेकीच्या उलट्या अंगानं भरलेल्या. म्हणून एकीची वीज दुसरीची काटती. बाकी राहिलं शून्य.”

“म्हंजे तराजूची दोन पारडी.”

“व्हय, तराजूच.”

“अन् तोलायचं काय?”

वैष्णवीनं पर्समधून कागदाची पुडी काढली. आत तुरीच्या डाळीएवढा एक काळा तुकडा होता. तो तिनं स्वतः केला होता. इट्रियम, बेरियम आणि तांबं यांची पूड खलात घोटून, वडी पाडून, कॉलेजच्या भट्टीत भाजून, पुन्हा कुटून, पुन्हा भाजून. असं तीनदा. मदीनाबीला त्यातलं तांबं तेवढं ओळखीचं वाटलं.

“ह्याला लई थंड केलं, बर्फाच्याबी कितीतरी खाली नेलं, की ह्याच्यातून वीज बिनतकलीफ जायला पायजे. जराबी अडायची न्हाई, जराबी तापायची न्हाई. ह्याला अतिवाहक म्हणतात,” वैष्णवी म्हणाली. “अन् तसं झालं की आणखी एक होतं. चुंबकाचा जोर ते आपल्या अंगात शिरू देत न्हाई, बाहेर ढकलतं. मंग ज्या गुंडाळीत हा तुकडा बसलाय तिच्यातली वीज कमी होती अन् तराजू कलतो. कलला तं माझी वडी साधली. न्हाई कलला तं हा नुसता काळा खडा.”

“तार जोडून बघायचं की सरळ.”

“बघितलं ना. जोडताना वडी फुटली, एवढाच तुकडा हाती लागला. अन् चाची, तारेनं सगळं कळतबी न्हाई. आत एखादी बारीक वाट मोकळी झाली तरी वीज तिथून निसटती, अन् आपल्याला वाटतं सगळंच साधलं. चुंबकाची साक्ष खरी. त्याच्यापासून लपत न्हाई.”

ज्या यंत्रात हे तोलायचं त्याची गुंडाळी जुनी होऊन जळाली होती. कंपनी म्हणत होती, नवी यायला चार महिने लागतील. बाहेरच्या परीक्षक तीन आठवड्यांनी, शनिवारी येणार होत्या. तोपर्यंत गुंडाळी झाली नाही तर वैष्णवीला आपल्या दोन वर्षांच्या कामाखाली ‘तपासता आले नाही’ असं लिहून द्यावं लागणार होतं.

“असं काहून लिहायचं?” मदीनाबी कडाडली. “हात झिजवून भाजलं, कुटलं, अन् तपासलं न्हाई म्हणायचं? फेरे किती?”

“सहाशे अन् सहाशे.”

तार डोक्याच्या केसाएवढी. मोटारीची तार तिच्यापुढं दोरखंडच म्हणायची. दोन दुपारी मदीनाबीनं दुसरं काम हातात घेतलं नाही. पंखा बंद, कारण वाऱ्यानं तार हलते. नासेरला गप्प बसायचा हुकूम झाला, आणि बिचारा खरंच बसला. सहाशे इकडं, मशीनवरच नळी उलटून सहाशे तिकडं, वर पातळ वार्निश, बाहेरून मोठी गुंडाळी. वैष्णवी न्यायला आली तेव्हा मदीनाबीनं ती रुमालात बांधून दिली आणि वर ऐटीत बोलली, “शून्य आलं न्हाई तं मदीनाबीनं भरली असं कुणाला सांगू नको.”

तोंडातून निघालेला शब्द कधीकधी उंबऱ्यावरच बसून राहतो.

बाराव्या दिवशी वैष्णवी दारात उभी. हातात तोच रुमाल. नासेर काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण पोरीचं तोंड बघून त्याच्या घशातच राहिलं.

“चाची,” ती म्हणाली, “शून्य येईना.”

मदीनाबीच्या हातातली पक्कड चटईवर पडली. “तुकडा घातल्यावर न्हाई आलं?”

“रिकामीलाच येईना. तुकडा घातलाच न्हाई अजून. अन् थंड करत गेलं की आकडा आपोआप सरकत जातो. मंग उद्या तुकडा घातला अन् आकडा हलला, तं हलवलं कुणी, तुकड्यानं का गुंडाळीनं? कसं सांगायचं?”

“म्हंजे माझ्या तराजूला पासंग हाय म्हंती तू?”

पासंग म्हणजे काय हे बाजार करणाऱ्याला सांगावं लागत नाही. रिकाम्या तराजूचं एक पारडं मुळातच खाली असतं, तो पासंग. गिऱ्हाईक आधी तेच बघतं. पासंगाचा तराजू ठेवणाऱ्याला बाजारात काय म्हणतात तेही सगळ्यांना ठाऊक. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी तसं न्हाई म्हणले, चाची.”

“सहाशे अन् सहाशे. माझ्या मशीनचा आकडा खोटं बोलत न्हाई अन् मीबी बोलत न्हाई.”

बोलली खरी, पण पोरगी गेल्यावर ती तो रुमाल समोर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. लागलं होतं तिला, आणि खोलवर लागलं होतं. एवढ्या वर्षांत परत आलेली ही पहिली गुंडाळी. तीही कुण्या आडदांड माणसानं कोरडी चालवून जाळलेली नाही, तर एका पोरीनं जिवापाड जपून वापरलेली. या वेळी शिव्या द्यायला समोर कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी स्वयंपाकात मीठ पडलं नाही आणि नासेरनं चकार शब्द न काढता जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी, तिनं हातानं फिरवायचं आपलं छोटं मशीन धडप्यात बांधलं, तारेचं रीळ आणि तो रुमाल पिशवीत टाकला आणि बुरखा चढवला.

“काइकू जाती? छोकरी देख लेंगी ना,” नासेर म्हणाला. घरात दोघं दखनीतच बोलत.

“गुंडाळी मेरी हय, मैंच देखूंगी,” ती म्हणाली आणि हिंगोलीच्या एसटीत जाऊन बसली.

प्रयोगशाळेत शिवशंकर सरांनी उठून खुर्ची दिली. वैष्णवीचे सर ते, पन्नाशीचे, शांत. मदीनाबीनं खुर्ची घेतली नाही. ती सरळ यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. वैष्णवीनं रुमालातली गुंडाळी जोडली, आत काही नव्हतं आणि पडद्यावर एकशे चार असा आकडा आला.

“इथं शून्य पायजे?”

“हो, मावशी. पण इतकं काही बिघडत नाही,” सर समजुतीनं म्हणाले. “रिकाम्या गुंडाळीचा आकडा लिहून ठेवायचा आणि शेवटी वजा करायचा. पुष्कळ लोक करतात.”

बाई एकदम वळली. “सर, पासंगाच्या तराजूत हळद तोलून मंग पासंग वजा करून देतो म्हणणारा दुकानदार तुमच्यापुढं आला, तं तुमी घेता का त्याच्याकडून?”

सर हसले. “नाही घेत.”

“मंग माझ्याकडून काहून घेता?”

मदीनाबीनं टेबलाच्या कडेला मशीन आवळलं, पिशवीतून रिकामी नळी काढली आणि म्हणाली, “पोरी, समोर बस अन् मोजत राह्य. मी कुठं चुकते ते तूच दाखव.”

पाचसहा पोरी गोळा झाल्या. हँडल फिरायला लागलं. मदीनाबीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सरकत होती, आणि ती बोटं बघायला सरही हळूच खुर्ची ओढून बसले. तार कुठं ढिली नाही, कुठं एकावर एक चढली नाही. वैष्णवी ओठातल्या ओठात मोजत होती. मशीनवरचा आकडा सहाशे झाला, वैष्णवीही सहाशे म्हणाली. अगदी बरोबर. मदीनाबीनं मशीन थांबवलं, नळी काढून हातात घेतली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, हातानं तारेचा एक वेढा दिला आणि टोक कापलं.

“चाची, हा कशाचा?”

“कोणता?”

“आत्ता हातानं फिरवला तो.”

“तो?” मदीनाबीला प्रश्नच कळला नाही. “तो तं बरकतीचा.”

“बरकतीचा म्हंजे?” वैष्णवीनं विचारलं.

मग तिनं सांगितलं. तिच्या आजेसासऱ्यांचा धंदा बाजारात धान्य मापायचा. पायली भरली की वर एक मूठ टाकायची. ती मूठ मापात धरायची नाही, तोंडानं म्हणायची नाही, ती बरकतीची. नुसतं मोजूनमापून दिलेल्यात बरकत नसते असं ते म्हणायचे. सासऱ्यांनी मोटारीचा धंदा धरला आणि ती मूठ तारेत आणली. काम संपलं, आकडा पुरा झाला की शेवटी एक फेरा वरचा. मोटारीला एका फेऱ्यानं काय होतं? काही नाही. चाळीस वर्षांत तिनं भरलेल्या प्रत्येक मोटारीत तो एक फेरा आहे आणि तो तिनं कधी मोजलेला नाही.

“बरकत मोजत नसतात,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा आवाज उतरला.

कारण तेवढ्यात तिचं तिलाच उमगलं. दुकानात भरताना पहिली गुंडाळी झाल्यावर तिनं नळी मशीनवरच उलटली होती. काम अजून अर्धं होतं, बरकतीची वेळ झाली नव्हती. दुसरी झाली, काम संपलं, आणि हातानं आपलं काम केलं. एका बाजूला सहाशे. दुसऱ्या बाजूला सहाशे एक.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. “या अल्ला! पासंग मीच टाकला. पोरीच्या डोळ्यात पानी आणलं, अन् वरून तिलाच बोलले.” मग सगळ्या पोरींसमोर ती वैष्णवीला म्हणाली, “चूक माझी हाय, बाई. मशीन बराबर, तुझं मोजणं बराबर. हात माझा चुकला.” चाळीस वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. नासेर तिथं असता तर त्यानं भिंत धरली असती.

सर मात्र खूश झाले. “अहो मावशी, सापडलं ना! आता काय, तेवढा एक फेरा काढून टाका.”

मदीनाबीनं यंत्रातली जुनी नळी काढून तिच्या तारेचं टोक चिमटीत धरलं, आणि हात तिथंच थांबला. “टाकलेली मूठ परत उचलत नसतात, सर.”

“मावशी, हे विज्ञान आहे.”

“असंल. पण दोन लेकरं जेवायला बसली अन् एकाच्या ताटात तूप जास्त पडलं, तं तुमी काय करता? त्याच्या ताटातलं बोटानं निपटून काढता?”

सर काही बोलायच्या आत वैष्णवीच उठून उभी राहिली. “दुसऱ्यालाबी वाढायचं!”

“मंग? बस खाली अन् भिंग धर.”

नळी नाजूक, वार्निश वाळलेलं. मदीनाबीनं बाहेरची मोठी गुंडाळी अलगद सरकवून काढली, पहिल्या गुंडाळीच्या सुरुवातीचं टोक सुईनं मोकळं केलं, त्याला केसाएवढी तार डागली आणि त्याच अंगानं एक फेरा दिला. पुटपुटायचं ते या वेळी मोठ्यानं म्हणाली, “बिस्मिल्ला.” सगळं जोडलं. पडद्यावर एकशे चार होते तिथं चार आले. तिनं नखानं तो नवा फेरा जरासा बाजूला दाबला. दोन. पुन्हा दाबला. शून्य.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. सर उठून उभे राहिले आणि इतका वेळ तसेच राहिले की त्यांना बसा म्हणावं लागलं. वैष्णवीनं लगेच प्रबंधाचा कागद ओढला. “चाची, ‘गुंडाळी कुणी भरली’ अशी एक ओळ हाय. आता लिहिते तुमचं नाव.”

“न्हाई,” मदीनाबी मशीन धडप्यात बांधत म्हणाली. “आत्ता नुसता तराजू झाला. तुझी वस्तू तोलून दाखवली की मंग लिही. तोवर जागा रिकामी ठेव. मी शनिवारी येते.”

शनिवारी सकाळी देविदास आला. जनावरांच्या दवाखान्यातला हा माणूस गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या थंड द्रवात ठेवतात, तो नायट्रोजन सांभाळतो. हिंगोलीसारख्या गावात एवढी थंडी दुसरीकडं कुठं मिळणार? साहेबांची परवानगी घेऊन त्यानं एक भांडं भरून आणलं होतं. झाकण काढताच टेबलावरून पांढरा धूर खाली सांडला. “पोरी, जपून वापर,” तो म्हणाला. “परवा ह्याच्यावर चार म्हशी थांबलेल्या हायेत.”

परीक्षक बाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी रिकामी गुंडाळी थंड करायला सांगितली. वैष्णवीनं ती हळूहळू धुराच्या भांड्यात सोडली. तापमान उतरत गेलं. उणे पन्नास, उणे शंभर, उणे दीडशे, आणि शेवटी तळाला उणे एकशे शहाण्णव. आकडा शून्याला चिकटून बसला होता तो बसलाच. दाराजवळच्या बाकावर मदीनाबी होती. तिच्या हातात तस्बीहची माळ होती, पण बोटं तारेसारखीच फिरत होती.

“ठीक,” बाई म्हणाल्या. “आता नमुना.”

तुरीच्या डाळीएवढा तुकडा एका पारड्यात बसला. पुन्हा धूर, पुन्हा उतरण. उणे शंभर, शून्य. उणे दीडशे, शून्य. उणे एकशे सत्तर, शून्य. वैष्णवीच्या ओठांचा रंग उडाला होता. उणे एकशे ऐंशी, शून्य. देविदासनंसुद्धा श्वास धरला, आणि त्याला तर कशासाठी धरला तेही कळत नव्हतं. उणे एकशे ब्याऐंशी, शून्य.

उणे एकशे त्र्याऐंशीला आकडा घसरला. हळूहळू नाही, विहिरीत पोहरा सोडल्यासारखा धाडकन खाली गेला आणि तिथं थांबला. परीक्षक बाई पुढं वाकल्या. “बाहेर काढा. गरम होऊ द्या,” त्या म्हणाल्या. तुकडा वर आला, तापमान चढलं, आणि जवळजवळ त्याच जागी आकडा पुन्हा शून्यावर येऊन बसला. पुन्हा खाली, पुन्हा घसरला. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

“साधली,” सर म्हणाले.

वैष्णवी तडक बाकापाशी गेली आणि मदीनाबीच्या गळ्यात पडली. मदीनाबीनं तिच्या पाठीवर थापटलं. तिची छाती आनंदानं इतकी भरून आली होती की तिला रागवायलासुद्धा काही सापडेना.

परीक्षक बाई प्रबंध चाळत होत्या. एका पानावर त्या थांबल्या. “प्रत्येक बाजूला सहाशे एक फेरे? लोक सहाशे घेतात, हजार घेतात. हा वरचा एक कशाला?”

वैष्णवीनं डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. पायलीवरची मूठ, एकशे चार, दोन लेकरांची ताटं. काहीही लपवलं नाही. बाईंनी चष्मा काढला. मग त्या बाकाकडं वळल्या.

“मी तीस वर्षं असल्या गुंडाळ्या वापरतेय,” त्या म्हणाल्या. “रिकामी गुंडाळी इतकी शून्यावर बसलेली फार वेळा पाहिली नाही. बाई, आमच्या प्रयोगशाळेसाठी अशी एक भरून द्याल?”

“देईन की. फेरे किती ते तुमी सांगा,” मदीनाबी म्हणाली. “वरचा एक दोन्हीकडं पडंल. त्याचं मात्र विचारायचं न्हाई.”

बाई हसल्या आणि पुन्हा पानाकडं वळल्या. “आणि ही ओळ रिकामी का? गुंडाळी कुणी भरली?”

वैष्णवीनं मदीनाबीकडं बघितलं. मदीनाबीनं मान हलवली. “आता लिही.”

“दुकानाचं नाव टाकू का, चाची? नासेर मोटार वाइंडिंग?”

“दुकान त्यांचं हाय,” ती म्हणाली. “गुंडाळी माझी.”

वैष्णवीनं सावकाश लिहिलं, ‘मदीनाबी, वारंगा फाटा.’ मदीनाबी उठून टेबलापाशी आली. चष्मा पुसून लावला, कागद उजेडात धरला, आणि तार तपासावी तसं एकेक अक्षर बघत ते दोनदा वाचलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली.